शब्दांवाचून ऋतुवर्णन

कल्याणहून मुंबईस निघालेल्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या डोंबिवलीकराच्या वाट्यास निसर्ग येतो तो खिडकीपुरता: मुंब्र्याचा डोंगर, खाडीचे पाणी, आणि लगेच ठाणे. घरी परतल्यावर मनास जी विश्रांती हवीशी वाटते, ती केवळ वाद्याच्या नादाने देऊ पाहणारे संगीत गेल्या अर्धशतकात जगभर रुजले आहे.

अमेरिकन वादक जॉर्ज विन्स्टन (१९४९–२०२३) यांची ‘ऑटम’ ही १९८० सालची ध्वनिमुद्रिका या प्रकाराचा ठळक नमुना होय. एक पियानो, एकच वादक, आणि सात रचना. त्यांतील काहींची नावे अरण्य, चंद्र, सागर, तारे अशी. बाजाराने त्यास ‘न्यू एज’ म्हटले. विन्स्टन मात्र आपल्या वादनास ग्रामीण लोकपियानो म्हणत.

येथे पाखरांच्या किलबिलाटाची नक्कल नसते. डावा हात एकच स्वरसमूह घोळवीत राहतो, उजवा त्यावर मोजकी सुरावट सोडतो. पायपट्टी दाबली की तारांवरचे दाब उचलले जातात आणि मागचा नाद पुढच्या स्वरात मिसळतो. धुक्याचा वा पाण्याचा भास होतो तो यामुळे.

तथापि रागसंगीतावर पोसलेल्या कानास यात उणीव भासते. पियानोचे स्वर पक्के बांधलेले. त्यांत मींड कोठून येणार? संतूरही पियानोचा आप्तच, कारण दोहोंत तारेवर आघात करूनच स्वर निघतो. म्हणून पंडित शिवकुमार शर्मा यांनी १९५५ साली मुंबईत संतूर वाजविले, तेव्हा जाणकारांनी हाच दोष दाखविला. त्यांनी वाद्य टाकले नाही. तारा कमी केल्या, तिवईवरचे वाद्य मांडीवर घेतले, आणि कलम तारांवर हलकेच सरकवून नाद लांबविला.

त्या तपश्चर्येचे फळ म्हणजे १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार यांनी काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस त्यात उभा केला आहे. आरंभी प्रभातीचा अहिरभैरव, अखेरीस पहाडी.

दोन्हीकडे निसर्गाचे वर्णन नाही, त्याच्या सहवासातील मनःस्थिती आहे. म्हणून अशी ध्वनिमुद्रिका घरकामाच्या गडबडीत लावू नये. येऊरवर पाऊस उतरल्यावर, दिवेलागणीस, घर निवांत असताना ती ऐकावी. दोन स्वरांमधली शांतताही तेव्हा ऐकू येते.