पाटी काढली, खोली रिकामी झाली का?

नीटची परीक्षा आटोपली की लातूरच्या ट्यूशन एरियातल्या खोल्या रिकाम्या होऊ लागतात. पोरं गाद्या-बादल्या बांधून गावी निघतात आणि घरमालक पुढच्या मुलांसाठी खोली झाडून घेतो. क्लाउडच्या सर्व्हरवरही अशाच भाड्याच्या खोल्या असतात. त्यांना नेटवर्क नेमस्पेस म्हणतात.

नांदेडच्या घरातल्या राउटरचा पत्ता 192.168.1.1, लातूरच्या घरातल्याचाही तोच. घरं वेगळी, म्हणून घोटाळा होत नाही. लिनक्सने 2008 मध्ये, 2.6.24 या आवृत्तीपासून, अशा भिंती एकाच मशीनच्या आत घालायला घेतल्या. रॅकस्पेस आणि नासा यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या ओपनस्टॅकमधला न्यूट्रॉन हा भाग त्यांच्याच आधारावर एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची नेटवर्कं सांभाळतो. 'क्यूडीएचसीपी' किंवा 'क्यूराउटर' आणि पुढे 36 अक्षरांची ओळख, अशी यातल्या बहुतेक खोल्यांची नावं.

नेटवर्क पुसलं की खोलीही जायला हवी. पण तेवढ्यात ती काढणारा न्यूट्रॉनचा एजंट बंद पडला, तर ती तशीच पडून राहते. त्यासाठी 'न्यूट्रॉन-नेटएनएस-क्लीनअप' हे साधन आहे. एरवी ते फक्त रिकाम्या नेमस्पेस काढतं; लूपबॅक सोडून दुसरा इंटरफेस दिसला, की हात लावत नाही. 'फोर्स' दिलं तर मात्र आधी पत्ते वाटणारा डीएनएसमास्क थांबवतं, कनेक्शनची वाट पाहत बसलेल्या उरलेल्या प्रोसेसना जायला सांगतं, न ऐकणाऱ्यांना मारतं, तारा उपटतं आणि मग खोली पाडतं. एजंट चालू असताना हे 'फोर्स' ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये रोजसाठी टाकणं मला साफ नामंजूर आहे. कुणा ग्राहकाचं चालतं नेटवर्क त्यात जाईल.

आधी माणसं बाहेर काढायची, मग पाटी, हा क्रम का? कारण पाटी, म्हणजे नेमस्पेसचं नाव, ही नुसती एक फाइल. ती काढली तरी आत प्रोसेस असेपर्यंत खोली जिवंतच.

घरच्या लिनक्सवर करून बघा. 'आयपी नेटएनएस ॲड' या आज्ञेने नांदेड आणि लातूर अशा दोन नेमस्पेस बनवा. लातूरमध्ये तासाभराचा 'स्लीप' चालू करा आणि लातूर पुसून टाका. 'आयपी नेटएनएस लिस्ट' फक्त नांदेड दाखवेल. मग चालू नेमस्पेस दाखवणारी 'एलएसएनएस' ही आज्ञा चालवा. बिननावाची एक खोली दिसेल आणि आत तो 'स्लीप' अजून झोपलेला असेल.