संगणकावर चौकटी आखा, उसाची पक्वता ओळखा



गळीत हंगाम आला की एकच विचारणा होते, "साहेब, आपला ऊस तोडणीला आला का?" याचे उत्तर आपले आपल्याला काढता यावे म्हणून संगणकावर आलेखाचा कागद कसा करावा, ते आम्ही येथे देत आहोत.

आलेख म्हणजे काही अवघड नाही. नागपूरला झिरो माइलचा खांब आहे. तेथून उत्तरेला सदर लागते. सदरमधले एखादे दुकान दाखवायचे तर खांबापासून आडवे किती आणि उभे किती, हे दोन आकडे पुरतात. आलेखातही तेच. दोन आकडे जुळतात तेथे खूण.

कृती अशी :

१) एक्सेलमध्ये सर्व घरे निवडून स्तंभाची रुंदी २.१४ व ओळीची उंची १५ ठेवा. लांबट घरे चौरस होतात.

२) पहिल्या स्तंभात वरून खाली २५ ते १ आकडे लिहा. त्याखाली सव्विसाव्या ओळीत, दुसऱ्या स्तंभापासून, १ ते २५ लिहा.

३) मधल्या घरांना 'बॉर्डर' द्या. पडद्यावरच्या फिकट रेघा एरवी छापून येत नाहीत.

४) १-१, २-२ असे करीत २५-२५ पर्यंतची घरे रंगवा. तिरपा पट्टा तयार होईल.

आता प्लॉटच्या बांधाकडेचा ऊस सोडून आतले पाच-सहा ऊस घ्या. हँड रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याचे व शेंड्याचे ब्रिक्स पाहून सरासरी काढा. बुडख्याचा आकडा आडवा, शेंड्याचा उभा धरा. समजा बुडखा २० आणि शेंडा १५ आला, तर खूण पट्ट्याच्या पाच घरे खाली पडेल. ऊस अजून कच्चा आहे, थांबा. दर आठवड्याला खूण करा. खूण पट्ट्यावर आली आणि दोन्ही आकडे १८ च्या वर असले, की ऊस पक्व समजावा. पट्ट्याच्या वर गेली, तर पक्वता उलटून चालली. तोडणीची घाई करा.

हा खटाटोप कशासाठी? एफआरपी कारखान्याच्या साखर उताऱ्यावर ठरते. एकाचा कच्चा ऊस गव्हाणीत पडला तर उतारा सगळ्यांचा घटतो. म्हणून तोडणीसाठी चिठ्ठी मागताना हा कागद सोबत आणावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी