वई, वाडा, गावकूस : कुंपणवाचक शब्दांचा अर्थविचार

‘कुंपण’, ‘वई’, ‘कुपाटी’, ‘गडगा’, ‘कूड’ हे शब्द बोलताना अनेकदा एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जातात. परंतु या शब्दांतून केवळ हद्दीचा बोध होत नाही; ती हद्द कशाने घातली आहे, याचाही होतो. गडगा हा चुन्यावाचून दगडावर दगड रचून केलेला असतो. वई ही काट्याकुट्यांची, फांद्यांची किंवा लावलेल्या झुडपांची असते. कूड कारवीच्या वा बांबूच्या काठ्यांचा, बहुधा शेणामातीने लिंपलेला. ‘कुंपण’ हा त्यांतल्या त्यात सर्वसमावेशक शब्द होय. त्यामुळे कोकणच्या पार्श्वभूमीवरील एखाद्या कथेतील ‘वई’चे भाषांतर केवळ ‘कुंपण’वाचक सामान्य शब्दाने केले, तर अर्थ पोहोचतो, पण भूप्रदेश हरवतो.

‘वई’ची व्युत्पत्ती तुलनेने स्पष्ट आहे. संस्कृत ‘वृ’ (वेढणे, झाकणे) या धातूपासून ‘वृति’, त्यापासून पालीत ‘वति’, प्राकृतात ‘वइ’ आणि मराठीत ‘वई’ असा हा क्रम आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ही वृति कशी असावी, याचे नेमके माप सांगितले आहे : उंटाला पलीकडचे दिसू नये इतकी ती उंच असावी आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक छिद्र बुजवलेले असावे. गावालगतच्या गायरानात कुंपण नसलेले पीक जनावरांनी खाल्ले, तर गुराख्याला दंड करू नये, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे वृति हा शब्द केवळ वस्तुवाचक नव्हता. शेत राखण्याचा भार शेतकऱ्यावर टाकणारी ती एक व्यवहारसंज्ञा होती.

दुसरा शब्दसमूह ‘वाट’, ‘वाटिका’ यांचा. या ठिकाणी ‘वाट’ म्हणजे रस्ता नव्हे, तर वेढलेली जागा. गुजरातीतील ‘वाड’ व हिंदीतील ‘बाड़’ हे शब्द आजही कुंपणच दाखवतात. मराठीत मात्र ‘वाडा’ आणि ‘वाडी’ हे कुंपणाच्या आतील वस्तूचे वाचक झाले : जनावरांचा वाडा, नारळी-पोफळीची वाडी, सरदाराचा वाडा, गावाचा पोटविभाग असलेली वाडी. बंगालीत ‘बाड़ी’ म्हणजे सरळ घरच. वेढणाऱ्या वस्तूचे नाव वेढलेल्या जागेला मिळणे, ही अर्थसंक्रमणाची रीत केवळ भारतीय नाही. जर्मनमधील ‘त्साउन’ (कुंपण), डचमधील ‘टाउन’ (बाग) आणि इंग्रजीतील ‘टाउन’ (नगर) हे एकाच जर्मानिक मूळ शब्दाचे वंशज होत. अवेस्तातील ‘पइरिदएझ’ म्हणजे सभोवार भिंत घातलेली जागा. ग्रीकमार्गे त्याचा ‘पॅराडाइज’ झाला आणि अरबी-फारसीत ‘फिर्दौस’. एका भाषेत जी बागेची भिंत होती, ती दुसरीत स्वर्ग झाली.

द्राविडी भाषांत शब्द निराळे आहेत. तमिळ-मलयाळममध्ये ‘वेलि’, कन्नडमध्ये ‘बेलि’, तेलुगूत ‘कंचे’. ‘वई’ व ‘वेलि’ यांचे ध्वनिसाम्य वरवरचे आहे. त्यावरून त्यांचा संबंध जोडणे अशास्त्रीय ठरेल. तथापि शब्द भिन्न असूनही एक म्हण मात्र सर्वत्र आढळते. मराठीत कुंपणच शेत खाते. गुजरातीत वाड चिभडे गिळते. तमिळ, तेलुगू व कन्नडमध्ये कुंपण पिकात चरते. राखणाऱ्यानेच भक्षण करावे हा आशय एकच. क्रियापदे मात्र वेगळी. यांत द्राविडी भाषांतील ‘चरणे’ विशेष अर्थपूर्ण आहे, कारण ज्या गुरांना अडवायचे त्यांचेच काम तेथे कुंपण करते. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याचे प्रतिपादन केले, ते मुख्यतः ध्वनी व व्याकरण यांच्या आधारे. म्हणींचा असा प्रसार त्या विचाराला पूरक ठरतो. येथे शब्दाची उसनवारी नाही; प्रतिमेची आहे.

साधन बदलले की शब्दांचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. आज देशी वाटणाऱ्या वईतील घायपात आणि मोगली एरंड या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले. ही तार मराठीत आली तेव्हा तिला ‘काटेरी’ हे विशेषण लागले. बोरी-बाभळीच्या काट्यांची स्मृती लोखंडावर चढली. इंग्रजी ‘बार्ब’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील दाढीवाचक शब्दात आहे. मराठीने मात्र आपल्या शेताच्या बांधावरचाच शब्द वापरला. परंतु या तारेबरोबर भेदही पुसले जातात. जेथे सर्वत्र खांब आणि तार, तेथे वई व गडगा वेगळे सांगण्याचे प्रयोजन उरत नाही आणि ‘कुंपण’ एवढा एकच शब्द पुरतो.

कुंपणवाचक शब्दांचा सर्वांत गंभीर अर्थ मात्र शेतात नव्हे, गावात दिसतो. ‘गावकूस’ म्हणजे गावाभोवतीची भिंत. अनेक गावांतील भिंती केव्हाच पडल्या. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्दप्रयोग टिकला, कारण त्याने दाखवलेले अंतर भिंतीवर अवलंबून नव्हते. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्यासारख्या दलित आत्मकथनांच्या समीक्षेत हा शब्दप्रयोग वारंवार येतो, तो स्थलवाचक म्हणून नव्हे, तर समाजरचनेचा निर्देशक म्हणून. जातिवाचक नावाला जोडलेला ‘वाडा’ही याच जातीचा शब्द : वेढलेली जागा, पण आतल्यांच्या रक्षणासाठी वेढलेली नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यामागे या शब्दांच्या सामर्थ्याचीच कबुली आहे.

म्हणून साहित्यकृतीत कुंपणवाचक शब्द आला असता दोन प्रश्न विचारावे लागतात : ते कशाचे आहे, आणि त्याने कोणाला बाहेर ठेवले आहे? पहिल्याचे उत्तर बहुधा कोशात आणि बोलींत सापडते. दुसऱ्याचे उत्तर संहितेतच शोधावे लागते.