मर्यादेतून जन्मलेला वेग

इंजिन जितके मोठे आणि इंधन जितके विपुल, तितका वेग अधिक, असा सर्वसामान्य समज आहे. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या अलीकडच्या इतिहासाने तो खोटा ठरविला. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या या मोटारींनी सर्वांत मोठी झेप घेतली ती त्यांच्यावर कठोर बंधने आल्यानंतर. ज्या घरांत परिग्रह-परिमाणाचा विचार पिढ्यानुपिढ्या सांगितला जातो, तेथील वाचकांना या कथेत ओळखीचे काही निश्चित आढळेल.

२०१३ पर्यंत या मोटारींत २.४ लिटर क्षमतेचे, आठ सिलिंडरांचे इंजिन असे. २०१४ साली एफआयए या नियामक संस्थेने ते बंद करून १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन सक्तीचे केले. शर्यत चालू असताना इंधन भरण्यास २०१० पासूनच बंदी होती. आता सुमारे ३०५ किलोमीटरच्या संपूर्ण शर्यतीसाठी १०० किलो इंधनाची मर्यादा आली. पूर्वीच्या वापराशी तुलना करता ही कपात जवळजवळ एक तृतीयांश होती. इंजिनाकडे जाणारा इंधनाचा प्रवाहही ताशी १०० किलोहून अधिक नसावा, असे ठरले आणि तो मोजण्यासाठी प्रत्येक मोटारीत मापक बसविण्यात आला. त्याच वर्षी मेलबर्न येथील पहिल्या शर्यतीत डॅनिएल रिकार्डो दुसरा आला. परंतु प्रवाहाची मर्यादा ओलांडल्याच्या कारणावरून त्याला त्या स्थानास मुकावे लागले.

इंधन घटले, तेव्हा अभियंत्यांचे लक्ष वाया जाणाऱ्या ऊर्जेकडे वळले. जुन्या इंजिनांत पेट्रोलमधील सुमारे ३० टक्के ऊर्जाच उपयोगी पडे. उरलेली उष्णतेच्या रूपाने हवेत विरून जाई. नव्या रचनेत दोन विद्युत यंत्रे जोडण्यात आली. ब्रेक लावताना व्यर्थ जाणारी गती एक यंत्र विजेत साठवी आणि गरजेच्या क्षणी १२० किलोवॉटपर्यंत, म्हणजे सुमारे १६० अश्वशक्तीचे, साहाय्य देई. दुसरे यंत्र धुराच्या उष्ण झोतावर फिरणाऱ्या टर्बोतून वीज मिळवी. २०१७ साली मर्सिडीजच्या इंग्लंडमधील ब्रिक्सवर्थ येथील कारखान्यात, चाचणीच्या वेळी, इंजिनाने ५० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली. इंधन कमी झाले असतानाही विजेच्या जोडीने एकूण शक्ती पूर्वीपेक्षा वाढली.

पुढे २०१९ मध्ये इंधनाची मर्यादा ११० किलो करण्यात आली. गंमत अशी की, अनेक शर्यतींत संघ तेवढेही इंधन भरत नसत. दहा किलो जादा भाराने मोटार प्रत्येक फेरीत साधारण तीन दशांश सेकंद मागे पडते. साठ फेऱ्यांच्या शर्यतीत हे नुकसान अठरा सेकंदांचे होते, आणि विजय तर पुष्कळदा एक-दोन सेकंदांनी हुकतो. गोदामात पडून राहिलेला माल व्याज खातो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही; टाकीत उरलेले इंधनही तसेच वेळ खाते.

पैशालाही अशीच सीमा घालण्यात आली. धनाढ्य संघांच्या अमर्याद खर्चापुढे लहान संघांचा टिकाव लागेना. म्हणून २०२१ पासून संघाच्या वार्षिक खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आली. चालकांचे वेतन मात्र तीतून वगळले गेले. पहिल्याच वर्षी ती ओलांडल्याबद्दल रेड बुल संघाला ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि त्याच्या वायुगतिकीय चाचण्यांच्या वेळेतही कपात करण्यात आली. अभियंत्यांच्या या खेळात हिशेबतपासनीसालाही आता मानाचे स्थान आहे.

मात्र सर्वांत मोलाचे बंधन मनुष्याच्या प्राणासाठी होते. १९९४ साली इटलीतील इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवसांत रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे चालक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सुरक्षेचे नियम उत्तरोत्तर कडक होत गेले. २०१८ मध्ये चालकाच्या मस्तकाभोवती टायटेनियमचे ‘हेलो’ नावाचे कडे सक्तीचे झाले. मोटारीचे रूप बिघडते, अशी तक्रार अनेकांनी केली. रोमेन ग्रोजाँ हा चालकही विरोधकांत होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे त्याचीच मोटार लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि तिने पेट घेतला. सुमारे अठ्ठावीस सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतः बाहेर पडला. हाताला भाजले होते, परंतु प्राण वाचला होता. या कड्याविना आज आपण बोलू शकलो नसतो, असे त्याने नंतर मोकळेपणाने मान्य केले.

जमेची बाजू पाहिल्यावर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार या खेळाच्या कार्बन उत्सर्जनात शर्यतीच्या इंजिनांचा वाटा एक टक्काही नव्हता; मोठा भार होता तो देशोदेशी सामान आणि माणसे वाहून नेण्याचा. इंजिनाला लावलेला संयमाचा नियम साऱ्या व्यवहाराला लागू करणे अद्याप बाकी आहे. २०३० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आयोजकांनी स्वीकारले आहे, तर २०२६ च्या नियमांत शाश्वत इंधन आणि विजेचा मोठा वाटा यांवर भर आहे.

या खेळातील मर्यादा बाहेरून लादलेल्या आहेत. त्या पाळल्या जाव्यात म्हणून मापक, तपासनीस आणि दंड यांची व्यवस्था करावी लागते. श्रावक परिग्रहाचे परिमाण ठरवितो ते स्वेच्छेने; तेथे मापकही तोच आणि तपासनीसही तोच. शर्यतीतील अभियंत्यांना मर्यादेमुळे आपल्या सामर्थ्याची ओळख पटली. पेढीवर आणि घरात आपली सीमा आपणच आखणाऱ्याला ती ओळख अधिक सहजतेने पटावी.