संगणकावर केस रंगविणे : एक कमाईचा हुन्नर

आमचा धंदा कापडाचा. हातकणंगल्यात दुकान आणि माल बहुतेक शेजारच्या इचलकरंजीचा. तेव्हा केस रंगविण्यावर कापडवाल्याने का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला कारण झाला एक साडीचा बॉक्स.

काही वर्षांपूर्वी लग्नसराईसाठी आम्ही दुकानाच्या नावाचे बॉक्स छापून घेतले. झाकणावर साडी नेसलेली मुलगी. ज्याला काम दिले त्याने फोटोतील मुलगी कापून गुलाबी रंगावर बसविली आणि कापताना डोक्याभोवती सरळ रेघ मारली. कपाळावरच्या, कानाजवळच्या बटा साफ गेल्या. माल हाती आला तेव्हा साडीचा रंग उत्तम, जर उठून दिसतो आहे, आणि डोक्यावर केसांच्या जागी जणू हेल्मेट! एका गिऱ्हाईक बाईने साडी पसंत केली, बॉक्स उलटसुलट पाहिला आणि विचारले, "भाई, ही टोप घातलेली बाई कोण?" साडी गेली, पण बॉक्स तिने घेतला नाही. बाकीचे बॉक्स वर्षभर माळ्यावर पडून होते. कागद, छपाई, हमाली सगळे अंगावर आले.

तेव्हापासून या कामाची माहिती काढू लागलो. शिकविणारे भेटले ते आमच्याच भागातले, पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगविणारे एक उस्ताद. इ. स. २००० नंतर फ्लेक्सचे यंत्र गावोगाव आले आणि अनेकांसारखा त्यांचाही ब्रश थांबला. वय चाळीसच्या पुढे, इंग्रजी जेमतेम. तरी ते मुलाच्या संगणकासमोर बसले. आज आसपासचे फ्लेक्सवाले चेहऱ्याचे अवघड काम आले की त्यांच्याकडे पाठवितात. नाक-डोळे फोटोतून मिळतात, अडते ते केसांपाशी.

असे का, हे त्यांनी हिशेबाने समजाविले. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि एका केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. चांगल्या छपाईत एका इंचात ३०० ठिपके धरतात, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा. बॉक्सवर चेहरा खऱ्यापेक्षा लहान असतो, तेव्हा खरा केस एका ठिपक्याहूनही बारीक झाला. तो काढता येतच नाही. काढायचा असतो तो केसाचा भास. नवखा मुलगा हे न समजता एकेक केस ओढीत बसतो आणि रात्रभर जागून झाडू तयार करतो.

उस्तादांची रीत अशी. प्रथम सगळ्या केसांचा एकच आकार, मोठ्या मऊ ब्रशने, गडद तपकिरी रंगात. निव्वळ काळा रंग घ्यायचा नाही, कारण त्यात सावली दाखवायला जागा उरत नाही. मग डोके गोल आहे हे ध्यानात ठेवून बटा पाडायच्या. उजेड ज्या बाजूने येतो तिथे गोलाईवर चमकेचा पट्टा येतो आणि तो केसांच्या आडवा जातो. पट्टा सलग काढला तर केस प्लास्टिकचे दिसतात. तो बटेबटेला तुटला पाहिजे. उघड्या आकाशाखालच्या काळ्या केसांवर चमक थोडी निळसर असते, पिवळ्या बल्बखाली पिवळसर. हे झाल्यावर बारीक ब्रश. त्याचे टोक चार-पाच ठिपक्यांचे केले की एका फटक्यात चार-पाच केस उठतात. फटका मुळाकडून टोकाकडे, मनगटाने, एका दमात. कापला तर पुसून पुन्हा, त्यावर डागडुजी नाही. बोटाने रंग फासल्यासारखे काम करणारे स्मज नावाचे हत्यार आहे. त्याने टोके निमुळती करता येतात, पण जास्त वापरले की केस तेलकट होतात.

हे माऊसने होत नाही. त्याला दाब ओळखणारी पेन आणि पाटी लागते. हलका दाब दिला की रेघ बारीक, जोर दिला की जाड. लहान पाटी काही हजारांत मिळते आणि सुरुवातीला तेवढी पुरे.

खरी परीक्षा मात्र कपाळाच्या कडेला. तिथे केस रेघ मारल्यासारखे सुरू होत नाहीत. आधी विरळ, आखूड केस, मधून कातडी दिसते, केसांची हलकी सावली कपाळावर पडते. भांगाचेही तसेच. शेवटी दहा-पंधरा केस मोकळे सोडायचे, वाऱ्याने उडाल्यासारखे. आमच्या बॉक्सवर नेमके हेच नव्हते. दाढी याहून कठीण. केस आखूड, गालावर एक दिशा तर हनुवटीखाली दुसरी. पिकलेली दाढी असेल तर काळ्यावर पांढऱ्या रेघा ओढल्या की पीठ सांडल्यासारखे दिसते. आधी राखी रंगाचा थर, मग काळे, पांढरे सर्वांत शेवटी आणि थोडेच. आपल्या गिऱ्हाइकांत दाढीचा पारखी पुष्कळ, हे सांगायला नको.

हे सारे थरावर थर ठेवून होते. थॉमस नोल आणि जॉन नोल या दोघा भावांचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, पण त्यात थरांची, म्हणजे लेअरची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून झाली. त्याआधी एक चूक म्हणजे मूळ चित्रच बिघडे. थर संगणकात नवा असेल, आपल्या भागाला नवा नाही. आपल्या कोल्हापूरचे अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि १९३१ साली वारले. त्यांची जलरंगातील निसर्गचित्रे आजही नावाजली जातात. जलरंगात पातळ थर वाळू द्यायचा आणि त्यावर दुसरा चढवायचा. गडदावरून पुन्हा उजळ करता येत नाही, म्हणून उजेडाची जागा आधीच राखायची. उस्ताद म्हणतात, ही सबुरी ज्याच्या हाताला आहे त्याला संगणक पंधरा दिवसांचे काम. ज्याला नाही त्याच्या हाती महागडे यंत्र देऊनही काही होत नाही. मला हे पंधरा दिवस थोडे कमी वाटतात, पण मुद्दा पटतो.

छपाई समजली नाही तर मेहनत वाया जाते. तीस फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सवर एकेक केस काढणे म्हणजे फुकटचा वेळ. तिथे मोठ्या बटा आणि चमक पुरे. बॉक्सवर उलट. केस फक्त काळ्या शाईने छापले तर रंगीत साडीशेजारी ते राखेसारखे दिसतात. चारही शाया भरपूर चढविल्या तर साध्या पुठ्ठ्यावर वाळत नाहीत, वरच्या कागदाच्या पाठीला लागतात आणि बारीक उजळ केस बुजून जातात. काळ्याबरोबर थोडी निळी आणि इतर शाया बेताने, हे प्रमाण छापखान्याला विचारून ठरवावे. लाजू नये.

मागणी कोठे आहे? वाढदिवसाच्या फ्लेक्सवर टक्कल झाकण्याची फर्माईश हा हसण्याचा विषय असला तरी त्याचे पैसे मिळतात. साड्यांचे कॅटलॉग, पार्लरचे बोर्ड, मेहंदीवाल्यांच्या जाहिराती आहेतच. ज्याचे मन चेहरा रंगवायला मानत नाही, त्यालाही हे हुन्नर उपयोगी आहे. पदराचे गोंडे, शालीची लोकर, मखमलीची लव, गालिच्याची झालर ही सारी केसांचीच भावंडे. पदराचा गोंडा नीट उठला तर कॅटलॉगमध्ये साडी बोलते, हे मी कापडवाला म्हणून सांगतो.

आणि जुने फोटो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील कितीतरी घरांच्या भिंतींवरचे फोटो भिजले. असा फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकटच त्याचा फोटो घ्यावा. ओढला की चेहरा काचेवर राहतो. उस्तादांकडे असाच एक फोटो आला. वडील वारलेले, कपाळापासून डावीकडचे केस पाण्याने पुसून गेलेले. उस्तादांच्या हाताखालच्या मुलाने उजवीकडचे केस उचलले, उलटे केले आणि डावीकडे बसविले. काम झटपट आणि सफाईचे. मुलगा फोटो घरी घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला. आई म्हणते, "चेहरा त्यांचाच, पण हे ते नव्हेत." उस्तादांनी दुसरा फोटो मागितला. लग्नातला गटाचा फोटो मिळाला, त्यात नखाएवढे डोके. पाहतात तो भांग डावीकडे आणि भांगाजवळ केसांचा एक भोवरा, त्यामुळे पुढची बट नेहमी उभी राहिलेली. दोन दिवस बसून ती बट काढली. बाईंनी फोटो हातात घेतला, काही बोलल्या नाहीत, पदराने काच पुसली आणि भिंतीकडे गेल्या.

आता यंत्र स्वतःच केस करते, हे खरे. फोटोशॉपमध्ये २०२० पासून केसांची कड आपोआप सुधारणारे बटण आहे आणि २०२३ पासून शब्दांत सांगितले की चित्राचा भाग नवा करून देणारी सोयही आली. म्हणून स्पष्ट सांगतो, नुसते कापून चिकटविण्याच्या कामाला मी आता जुना दर देणार नाही, आणि दुसरा व्यापारीही देणार नाही. ते काम शिकण्यात मुलांची वर्षे घालवू नयेत. पण यंत्र केस देते ते कोणाचे तरी. त्या घरातल्या माणसाची उभी बट त्याला कोणी तरी दाखवावी लागते, आणि दाखविण्यासाठी आधी स्वतःला दिसावी लागते.

ज्यांना मुलाला या कामात घालायचे आहे त्यांनी आधी सहा महिने पेन्सिल आणि कागद द्यावा. फोटोशॉप २०१३ पासून वर्गणीवर मिळते आणि दरमहा पैसे भरणे लहान दुकानाला जड जाते. शिकण्यासाठी क्रिटा आणि गिंप ही दोन्ही मोफत आहेत आणि ब्रशचे काम त्यांत चांगले होते. काम घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : छापणार कशावर, किती मोठे, आणि पाहणार किती लांबून. काम देणाऱ्या व्यापाऱ्यांनी संगणकाच्या पडद्यावर पाहून पसंती देऊ नये. एक नमुना त्याच पुठ्ठ्यावर छापून घ्यावा, उन्हात न्यावा आणि घरातल्या बायकांना दाखवावा. माझ्या माळ्यावरचे बॉक्स मी तेव्हा घरी दाखविले असते, तर ते छापलेच गेले नसते.