करार ‘रद्द’ होतो म्हणजे काय?

रोजच्या बोलण्यात ‘रद्द’ हा एकच शब्द आपल्याला पुरतो. सहल रद्द होते, गाडी रद्द होते आणि जमिनीचा सौदाही रद्द होतो. कायद्याच्या भाषेला मात्र एवढ्यावर भागवता येत नाही. एखाद्या कराराचे बळ गेले असे कोणी म्हटले, की न्यायालय विचारते : हा करार मुळात झालाच नव्हता, की झाला होता आणि एका पक्षाने मोडला, की परिस्थितीनेच तो संपवला? कोणाचे पैसे परत मिळणार आणि कोणाचे बुडणार, हे त्या उत्तरावर ठरते. म्हणून हे शब्द नीट समजून घेतले पाहिजेत.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. ज्या कराराची अंमलबजावणी कायद्याने करून घेता येत नाही, त्याला हा कायदा ‘शून्य’ म्हणतो. बेकायदेशीर कामासाठी केलेला करार शून्य होय. अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने, केलेला करारही शून्यच. कोलकात्याच्या एका अज्ञान मुलाने सावकाराकडे घर गहाण ठेवले होते. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ते गहाण शून्य ठरवले आणि मुलाला मिळालेली रक्कमही परत करायला लावली नाही. सावकाराच्या माणसाला मुलाचे वय ठाऊक होते, हे येथे लक्षात ठेवावे.

‘शून्यकरणीय’ हा शब्द दिसायला जवळचा, पण अर्थाने बराच दूरचा आहे. असा करार जिवंत असतो. फक्त तो मोडण्याचा अधिकार एका पक्षाच्या हाती असतो. समजा, गाय दिवसाला दहा लिटर दूध देते अशी जाणूनबुजून थाप मारून कोणी ती तुम्हाला विकली. येथे करार रद्द करायचा की कायम ठेवायचा, हे तुम्ही ठरवायचे. थाप मारणाऱ्याला तो अधिकार नाही. धाकदपटशा किंवा गैरवाजवी दडपण यांनी घडवून आणलेल्या करारालाही हाच नियम लागू होतो. मात्र करार रद्द केलात, तर गाय परत करावी लागेल. व्यवहारही मोडला आणि लाभही ठेवला, असे चालत नाही.

कधी दोष कोणाचाच नसतो. समारंभासाठी ठरवलेले सभागृह आदल्या रात्री आगीत भस्मसात झाले, तर करार पार पाडणे अशक्य होते आणि तो तेथून पुढे शून्य ठरतो. यालाच करार ‘विफल’ होणे म्हणतात. पण भाव वाढले, काम अवघड झाले, नफा उरला नाही, एवढ्याने करार विफल होत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोलकात्याजवळची काही जमीन सरकारने तात्पुरती ताब्यात घेतली, तेव्हा भूखंड विकणाऱ्या कंपनीने करार संपल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही.

देणे संपण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते फेडणे. त्याला आपल्याकडे ‘बेबाक’ हा जुना, नेमका शब्द आहे. धनको स्वखुशीने सूटही देऊ शकतो : पाच हजारांच्या कर्जापोटी त्याने दोन हजार पूर्ण फेड म्हणून स्वीकारले, तर कर्ज संपले. त्याची लेखी पावती घ्यावी. पूर्वी तिला फारखत म्हणत.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘मुदतबाह्य’ या शब्दाने. हातउसन्या रकमेसाठी साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ही मुदत टळली, की न्यायालय दावा फेटाळते. ऋणकोने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरीही. पण कर्ज नाहीसे होत नाही, केवळ वसुलीची न्यायालयाची वाट बंद होते. म्हणूनच तुम्ही आपण होऊन पैसे दिले, तर ते मागाहून परत मागता येत नाहीत. आणि ‘हे जुने देणे मी फेडीन’ अशा कागदावर सही केलीत, तर त्या लेखी वचनाने मेलेले कर्ज पुन्हा उभे राहते. जुन्या बाकीची ‘नुसती एक सही’ मागायला कोणी दारी आला, तर कागद आधी वाचून घ्यावा.

वेठबिगारीच्या कर्जाची गोष्ट याहून वेगळी आहे. उचल देऊन माणसाला, कधी त्याच्या मुलांनाही, राबवून घेण्याची ही पद्धत १९७६ च्या अधिनियमाने २५ ऑक्टोबर १९७५ पासून संपुष्टात आणली. त्या दिवसापासून असे कर्ज फेडण्याचे दायित्व विझले आहे. मुदतबाह्य कर्जाची रक्कम धनकोला हाती आली तर ठेवता येते. वेठबिगारीच्या विझलेल्या कर्जापोटी पैसे नुसते स्वीकारणे हाही गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो.