पाहुण्यांची शेरेबाजी आणि कर्मचाऱ्यांपुढील पेच

लोणावळा : पावसाळ्यात भुशी धरण, टायगर पॉइंट परिसरात गर्दी उसळली, की मावळातील हॉटेले, भाड्याचे बंगले आणि पवना धरणाकाठचे तंबू भरून जातात. या गर्दीची सरबराई करणारे वाढपी, राखणदार, वाटाडे व चालक यांच्या वाट्याला पाहुण्यांची शेरेबाजीही येते. एखाद्या तरुणाला चालण्या-बोलण्यावरून 'बायल्या' म्हणून हिणवणे किंवा दोन पुरुषांनी एक खोली घेतल्यास त्यांच्यावरील विनोदाला कर्मचाऱ्याचीही टाळी मागणे, हा त्यातलाच प्रकार. गिऱ्हाईक बिनसले तर बक्षिसी जाते, मालकाची बोलणी बसतात. मग हसून वेळ मारून नेली जाते.

'हे तर बेकायदा आहे' असा दाखला देणाऱ्या पाहुण्याचे ज्ञान मात्र जुने आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. विशेष म्हणजे, याचिकाकर्त्यांत 'ललित' हॉटेल समूहाचे केशव सुरी, 'नीमराणा'चे अमन नाथ आणि शेफ रितू दालमिया ही आतिथ्य व्यवसायातीलच मंडळी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर कलम ३७७ उरलेलेच नाही.

गुन्हा संपला, म्हणून संरक्षण मिळाले असे नव्हे. खासगी नोकरीत समलिंगी व्यक्तीला भेदभावापासून वाचवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आहे. त्यात नोकरीतील भेदभावास मनाई असून शाब्दिक छळासही सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणे मालकाचे कर्तव्य ठरते. पण तो स्त्रियांपुरता. शांतताभंगास चिथावणारा हेतुपुरस्सर अपमान न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली येतो. तथापि तो अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. एका शेऱ्यासाठी हंगामी वाढपी वडगावच्या न्यायालयाची पायरी चढेल, ही अपेक्षाच भाबडी.

तेव्हा खरा उपाय जागेवरचाच. वाद घालू नये, हसूही नये. 'साहेब, या विषयावर मी बोलणार नाही. जेवण किती वाजता लावू?' एवढे शांतपणे म्हटले तरी बहुधा विषय तुटतो. पाहुणा पुन्हा तेच बोलू लागल्यास व्यवस्थापकाला बोलवावे व ते टेबल सहकाऱ्याकडे सोपवावे. स्वतःच्या खासगी आयुष्याचा खुलासा देण्यास कोणीही बांधील नाही. मद्यधुंद टोळक्यापुढे आडवळणाच्या बंगल्यावर एकटा असलेल्या राखणदाराने उत्तराच्या भरीस न पडता आधी बाहेर पडावे, मालकाला कळवावे. धमकी वा मारहाण झाल्यास ११२ क्रमांक आहेच.

मालकांची जबाबदारी याहून मोठी. स्पीकर कधी बंद करावा, तरणतलावात कोणता पोशाख घालावा, याचे फलक बंगल्यांवर झळकतात. कर्मचाऱ्यांशी असभ्य बोलल्यास आरक्षण रद्द होईल, ही आणखी एक ओळ लिहायला रंग फारसा लागत नाही. ती अट आरक्षणाच्या वेळीच कळवली, तर व्यवस्थापकाला ऐनवेळी पाहुण्याची मनधरणी करावी लागत नाही.

हंगामी कामगारांपैकी अनेकांकडे नेमणुकीचे पत्रही नसते. अशांनी तारीख, वेळ, नेमके शब्द व साक्षीदार यांचा संदेश त्याच रात्री मालकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवावा. उद्या पाहुण्याने उलट तक्रार केली, तर दाखवायला तेवढाच कागद हाती असतो.